दिवा कोणत्या खोलीत आहे?

मी लिहिलेला एक छोटा मजकुरी खेळ माझ्या मैत्रिणीने तपासायला घेतला आणि दोन दिवसांनी खेळतानाची पूर्ण नोंद मला पाठवून दिली. टेक्स्ट अॅडव्हेंचर, म्हणजे आज्ञा टाइप करून खेळायचा असा मजकुरी खेळ, लिहिणाऱ्याने अशी नोंद वाचणे हा मोठा निर्दय अनुभव असतो. खेळाचे वाक्य, त्याखाली खेळणाऱ्याची आज्ञा, त्याखाली खेळाचे उत्तर, असे पानामागून पान सरकत जाते आणि समोरची व्यक्ती कुठे थबकली, कुठे चिडली, कुठे नुसतीच ‘बघ’ आणि ‘शोध’ करत राहिली, ते सगळे त्यात उतरलेले असते. माझा खेळ एका बंद पडलेल्या वेधशाळेत घडतो. तळघराच्या अंधाऱ्या जिन्याची पहिली पायरी उतरली की पडद्यावर एका जुन्या कवितेतल्या दोन ओळी उमटतात. त्या ओळींत पाणी आहे, लांबून येणारा घंटेचा नाद आहे आणि कुणीतरी रात्रभर तेवत ठेवलेला एक दिवा आहे. मैत्रिणीने त्या ओळी वाचल्या आणि लगेच लिहिले, ‘दिवा घे’. खेळ म्हणाला, ‘इथे असे काही दिसत नाही.’ तिने ‘दिवा बघ’ म्हणून पाहिले, मग ‘दिवा शोध’. एक पायरी वर चढून ती पुन्हा खाली उतरली. ‘घंटा वाजव’ हेही करून झाले. अशा अकरा आज्ञा वाया गेल्यावर तिने शेवटी खेळाचे सगळे नियम बाजूला ठेवून सरळ प्रश्नच टाइप केला: ‘दिवा कोणत्या खोलीत आहे?’ खेळाला तो प्रश्न कळला नाही.

दिवा कोणत्याही खोलीत नव्हता.

पहिल्यांदा मला हसू आले आणि त्यानंतर बराच वेळ काही सुचले नाही. चूक तिची नव्हती, इतके तर उघडच होते. अंधाऱ्या जिन्यावर उभे असताना ‘दिवा’ हा शब्द समोर आला तर तो उचलायचा, हे या जातीच्या खेळांनी आपल्याला पहिल्या दिवसापासून शिकवलेले आहे. विल क्रॉथर हा स्वतः गुहांतून हिंडणारा, गुहांचे नकाशे काढणारा माणूस. केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या परिसरातील गुहांवर बेतलेला ‘अॅडव्हेंचर’ त्याने १९७५-७६च्या सुमारास लिहिला आणि १९७७ मध्ये डॉन वुड्सने तो वाढवला. त्या खेळात सुरुवातीलाच विटांची एक छोटी इमारत लागते आणि तिच्यात किल्ल्या, खाणे, पाण्याची बाटली आणि पितळी दिवा पडलेला असतो. किल्ल्या विसरल्या तर फार तर मागे यावे लागते. दिवा विसरला तर अंधारात खड्ड्यात पडून हाडन्हाड मोडते. ‘झोर्क’ या त्याच जातीच्या खेळात अंधारात खड्ड्याऐवजी दबा धरून बसलेला ग्रू नावाचा प्राणी असतो आणि तो खाऊन टाकतो. दोन्ही खेळांत दिव्याची बॅटरी संपत जाते, त्यामुळे आपण कोणत्याही नकाशापेक्षा त्या दिव्याला जपतो. अशा वाचकासमोर, अशा जागी, मी काव्यातला दिवा आणून ठेवला होता आणि वर त्याला हात लावायची बंदी केली होती.

मुळात या खेळांत नाम ही फार जोखमीची गोष्ट असते. कादंबरीत ‘खिडकीशी एक जुनी फुलदाणी होती’ असे लिहून लेखक मोकळा होतो. खेळात ते वाक्य लिहिले की खिडकी उघडता येते का, फुलदाणीत काय आहे, ती फोडली तर काय होईल, तिच्यात पाणी ओतता येईल का, या सगळ्यांची उत्तरे तयार ठेवावी लागतात. खेळणारा वर्णन वाचता वाचता त्यातली नामे वेचत असतो. विशेषणे त्याला सुंदर वाटत असतील, पण हात नामाकडेच जातो. त्यामुळे हे खेळ लिहिणारे हळूहळू कंजूष होतात. मी स्वतः वेधशाळेच्या वर्णनातून धूळ काढून टाकली होती, कारण धूळ म्हटले की कुणीतरी ती पुसणार, झाडणार, फुंकणार, आणि त्या प्रत्येक क्रियापदाला उत्तर लिहिण्याचा मला कंटाळा आला होता. स्वतःच्या वाक्यातल्या धुळीच्या बाबतीत इतकी काटकसर करणारी मी, दुसऱ्याच्या कवितेतला दिवा, घंटा आणि पाणी मात्र बेफिकीरपणे आत घेऊन आले. ती नामे आपली नाहीत, त्यांचा हिशेब आपल्याला द्यायचा नाही, असे मी गृहीत धरले होते.

या गृहीतकाला परंपरा आहे, हेही खरे. इन्फोकॉम या कंपनीच्या ‘ट्रिनिटी’ या ब्रायन मोरिआर्टीच्या १९८६ मधील खेळात प्रसंगी पडद्याच्या वरच्या भागात एक चौकट उमटते आणि तिच्यात कुणा दुसऱ्याचे शब्द असतात. खेळ लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये सुरू होतो, अणुयुद्ध तोंडावर आलेले असते आणि वाट शेवटी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात, १६ जुलै १९४५च्या, पहिल्या अणुचाचणीच्या पहाटेकडे जाते. त्या विषयाला एकट्या लेखकाचा आवाज पुरणार नाही म्हणून आधी बोलून गेलेल्यांना साक्षीला बोलावले आहे, असे ती चौकट पाहताना वाटते. तिची तांत्रिक युक्तीसुद्धा मला फार आवडते. इन्फोकॉमचे खेळ ज्या काल्पनिक यंत्रावर चालत त्या झेड-मशीनचा पडदा दोन भागांत वाटलेला असे: वर न हलणारी पट्टी, खाली सरकत जाणारा मजकूर. चौकट दाखवायची झाली की वरची पट्टी क्षणभर मोठी करायची, तिच्यात ओळी छापायच्या आणि लगेच पट्टी पुन्हा लहान करायची. पट्टी मिटते, पण छापलेली अक्षरे पडद्यावर राहतात, खालच्या मजकुरावर अलगद ठेवलेल्या कागदासारखी. आपण पुढच्या आज्ञा देत जातो, मजकूर वर सरकतो आणि त्याच्याबरोबर ते अवतरणही पडद्याबाहेर निघून जाते. त्याला बाजूला सारण्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. खेळत राहणे हीच त्याला निरोप देण्याची रीत.

पुढे ग्रॅहम नेल्सनने असे खेळ लिहिण्यासाठी इन्फॉर्म ही भाषा तयार केली तेव्हा या चौकटीसाठी एक स्वतंत्र आज्ञाच ठेवली आणि १९९३च्या आपल्या ‘कर्सेस’ या खेळात ती मनसोक्त वापरली. इन्फॉर्मच्या पुढच्या अवताराने त्यात एक गोड नियम पाळला आहे: एखादे अवतरण एकदा दाखवून झाले की तेच पुन्हा दाखवले जात नाही. त्याच जिन्यावरून दहा वेळा वर-खाली केले तरी कविता पहिल्यांदाच ऐकू येते. हा नियम ठरवणाऱ्याला अवतरणाचा स्वभाव नीट कळलेला असला पाहिजे. दुसऱ्याची ओळ पहिल्यांदा भेटते तेव्हा अंगावर काटा येतो. दुसऱ्या खेपेला ती दारावर चिकटवलेली सूचना होते.

मीही माझ्या खेळात तशीच चौकट आखली होती. चारही बाजूंनी रेघा, मध्ये दोन ओळी, थोडी मोकळी जागा. मैत्रिणीने खेळ फोनवर खेळला. तिच्या अरुंद पडद्यावर रेघा मोडून खालच्या ओळीवर गेल्या, चौकट विस्कटली आणि कवितेच्या ओळी जिन्याच्या वर्णनाला येऊन चिकटल्या. हे कारण सापडल्यावर मला इतके हायसे वाटले की दोन दिवस मी तेच धरून बसले होते. पडद्याची रुंदी मोजून रेघा आखल्या की झाले. तसे करूनही पाहिले. पण चौकट सरळ झाल्यावर मी स्वतः त्या जिन्यावर उभी राहिले तेव्हा माझ्याही मनात आधी दिवाच आला. रेघ कितीही ठळक आखली तरी वाचणारा डोळा एकच असतो, आणि तो शब्द वाचतो. कुंपण कुठे आहे ते फार तर नंतर पाहतो.

हे मला इतके लागण्याचे आणखी एक कारण आहे. फार पूर्वी ‘झोर्क’ खेळताना मी सायक्लॉप्सच्या खोलीत अडकले होते. एक डोळ्याचा तो राक्षस जिन्याची वाट अडवून उभा असतो. मी त्याला मारून पाहिले, विनवण्या केल्या, हातातल्या वस्तू एकेक करून दिल्या. त्याला मिरच्यांचे जेवण आणि त्यावर पाणी दिले तर तो झोपतो, हे मला कधीतरी साधले आणि मी पुढे गेले. दुसरी वाट असल्याचे पुष्कळ नंतर कळले. त्याच्यासमोर नुसते ‘ओडिसियस’ किंवा ‘युलिसिस’ असे टाइप करायचे. आपल्या बापाच्या वैऱ्याचे नाव ऐकताच तो घाबरतो आणि पूर्वेची भिंत फोडून पळून जातो. एक शब्द, आणि भिंत गायब. होमरच्या ग्रीक महाकाव्यात ओडिसियस तशाच एका राक्षसाला आधी स्वतःचे नाव सांगतच नाही, ‘कुणी नाही’ हेच आपले नाव असल्याची थाप मारतो, आणि खरे नाव समुद्रात निघून गेल्यावर ओरडून सांगतो. तिथे लपवलेले नाव इथे हत्यार झाले आहे. अवतरण तर सोडाच, पूर्ण वाक्यही नव्हे, नुसते एक उसने विशेषनाम. पण खेळाने त्याला दाद दिली, त्याच्यासाठी भिंतीत भगदाड पाडले.

ही युक्ती मला कळली तेव्हा कौतुकाच्या आधी शरम वाटली, हे कबूल केले पाहिजे. आपण ते महाकाव्य वाचलेले नव्हते, म्हणून आपल्याला भिंत दिसली आणि वाचलेल्यांना दार. खेळाने माझ्या वाचनाची परीक्षा घेतली आणि मला न सांगताच नापास केले, असे वाटत राहिले. मात्र इथे त्या खेळाशी न्यायाने वागायला हवे, कारण त्यात मिळणाऱ्या काळ्या पुस्तकात एक धमकीवजा उतारा आहे आणि त्याच्या ओळींची आद्याक्षरे वरून खाली वाचली की ओडिसियसचेच नाव तयार होते. म्हणजे होमर न वाचलेल्यालाही एक वाट ठेवली होती, जेवण देणाऱ्यालाही ठेवली होती. मी ते पुस्तक वाचले होते आणि ओळी आडव्याच वाचल्या होत्या. नेल्सननेच १९९५ मध्ये या खेळांविषयी लिहिताना त्यांना कथेशी युद्ध मांडून बसलेले शब्दकोडे म्हटले आहे. कवितेची ओळ या युद्धात नेमकी कुणाच्या बाजूची, हे ठरवणे अवघड असते. कथा तिला सजावट म्हणून मागते, आणि शब्दकोडे तिच्यात सूचना शोधायला लागते.

माझ्या मैत्रिणीने सूचना शोधली, एवढेच.

मराठीत खेळ लिहिताना या गोष्टीला आणखी काही पदर सुटतात, ते मला आधी जाणवले नव्हते. माझा पार्सर, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञेचा अर्थ लावणारा भाग, घरगुती आणि तोडकामोडका आहे. क्रियापद शेवटी येणार हे त्याला ठाऊक आहे; ‘दिवा’ आणि ‘दिव्याकडे’ यांतली वस्तू एकच, हे मात्र प्रत्येक शब्दासाठी वेगळे शिकवावे लागते, सामान्यरूप हाताने लिहून द्यावे लागते. खेळ खेळणाऱ्याला ‘तुम्ही’ म्हणतो. त्याचे कारण आदरापेक्षा व्याकरणाचे अधिक आहे: ‘तू जिन्यावर उभा आहेस’ की ‘उभी आहेस’ हा प्रश्न ‘तुम्ही उभे आहात’ने मिटतो. पण खेळणारा मात्र खेळाला ‘घे’, ‘बघ’, ‘उघड’ असे एकेरीतच हुकूम सोडत असतो. या ‘तुम्ही’च्या आणि ‘घे’च्या मध्ये माझी कविता आली आणि तिच्यात ‘तू’ होता. त्या कवीने तो कुणासाठी लिहिला होता कोण जाणे. प्रेयसीसाठी असेल, देवासाठी असेल. परंतु जिथे दर वाक्यात खेळणाऱ्याला उद्देशून बोलले जाते तिथे अचानक आलेला तो एकेरी ‘तू’ दुसऱ्या कुणाचा कसा असणार? मैत्रिणीला वाटले, आतापर्यंत अंतर ठेवून बोलणारा खेळ आता जवळ येऊन कानात काहीतरी सांगतो आहे. ती पुढे सरसावली यात नवल नाही. मी ज्याला चौकट समजत होते ती रेघांची नव्हती, त्या एका सर्वनामाची होती, आणि तिने नेमका उलटा परिणाम केला.

नंतर आम्ही बोललो तेव्हा तिने सहज म्हणून एक वाक्य टाकले, ते अजून रुतून बसले आहे. ती म्हणाली, ‘दिवा मिळाला नाही ते जाऊ दे गं, पण त्या दोन ओळी तुझ्या सगळ्या खेळात सर्वांत चांगल्या होत्या.’ त्या ओळी कवितेतल्या आहेत, माझ्या नाहीत, हे तिला माहीतच नव्हते. मी खाली कवीचे नाव दिले होते. फोनवर ते विस्कटलेल्या रेघांत हरवले होते. मी तिला खरे काय ते लगेच सांगितले, पण सांगण्याआधी अर्धा क्षण गप्प बसले होते, आणि त्या अर्ध्या क्षणात मला बरे वाटले होते. अवतरण वापरण्यामागच्या माझ्या हेतूंकडे मी त्यानंतर जरा कमी विश्वासाने पाहते. जिन्यावर अंधार आहे, हे माझ्या स्वतःच्या वाक्यांनी मला नीट सांगता आले नव्हते. तिथे भीती आणि ओढ अशी दोन्ही वाटायला हवी होती. मी चार मसुदे केले, चारही कोरडे झाले, आणि मग जी ओळ शाळकरी वयापासून वहीत उतरवून ठेवलेली होती ती काढून मी त्या जागी लावली. उसना दागिना घालून मिरवताना निदान तो उसना असल्याचे तरी आपण विसरत नाही. मी इतकी वर्षे ती ओळ मनात बाळगली होती की ती मला घरचीच वाटत होती.

सगळी उसनवार इतकी ठळकपणे होते असेही नाही. ग्रू हा शब्द ‘झोर्क’च्या कर्त्यांनी जॅक व्हान्स या लेखकाच्या कथांतून उचलला, त्याला ना चौकट ना अवतरणचिन्ह, आणि आज तो शब्द ऐकून व्हान्स आठवणारे थोडे आणि अंधार आठवणारे पुष्कळ. स्टीव्ह मेरेट्झकीच्या १९८५च्या ‘अ माइंड फॉरेव्हर व्हॉयेजिंग’ने तर शीर्षकच कवी वर्ड्सवर्थकडून घेतले. न्यूटनच्या पुतळ्याविषयीच्या ओळींतले ते शब्द आहेत, आणि खेळाचा नायक एक विचार करणारा संगणक आहे हे कळल्यावर निवड किती चपखल आहे ते उमगते. त्या निवडीचा मला आता हेवा वाटतो, तो वेगळ्याच कारणासाठी. शीर्षक ही खेळातली एकमेव जागा अशी, जिच्यासमोर आज्ञा देता येत नाही. तिथे दिवा ठेवला तरी कुणी उचलायला जाणार नाही.

मग मी काय काय करून पाहिले ते सांगते. ओळी शीर्षकाच्या पानावर नेल्या. तिथे त्या छान दिसल्या आणि अगदी निरुपयोगी झाल्या, कारण अजून जिना आलेलाच नव्हता. ओळी जिन्याच्या भिंतीवर कुणीतरी खिळ्याने कोरल्या आहेत असे केले. आता त्या खेळाच्या जगातल्या झाल्या, त्यांच्यावर बोट फिरवता येऊ लागले, ‘अक्षरे वाच’ म्हटले की उमटू लागल्या, आणि वाचणाऱ्याला दिवा हा भिंतीवरचा शब्द आहे हे स्पष्ट झाले. ही सर्वांत शहाणी दुरुस्ती होती. पण मग त्या कुणी कोरल्या, कधी, का, हे प्रश्न आले, आणि माझ्या वेधशाळेत कविता कोरणारा माणूसच नव्हता. दोन ओळींसाठी एक माणूस, त्याचे आयुष्य आणि त्याचा खिळा मला जन्माला घालावा लागला असता. खराखुरा दिवाही ठेवून पाहिला. मैत्रिणीचे समाधान झाले असते, पण दिवा हातात आला की तळघरातला अंधार संपतो आणि अंधार संपला की माझ्या खेळाच्या उत्तरार्धात काही उरत नाही. शेवटी मी ओळी काढूनच टाकल्या. त्यांच्या जागी स्वतःचे एक वाक्य लिहिले: पायरी किती थंड आहे आणि खालून किती हळू हवा येते आहे, एवढेच. बेताचे वाक्य आहे. त्यात पायरी आणि हवा ही दोनच नामे आहेत आणि दोघांचीही उत्तरे मी लिहिली आहेत.

नवा खेळ मी तिला पुन्हा पाठवला. नोंद काल आली. जिन्यापर्यंत ती भराभर पोचली, पहिली पायरी उतरली, माझे थंड पायरीचे वाक्य वाचले आणि काही क्षण थांबली असावी. निदान नोंदीतल्या त्या दोन ओळींच्या मधल्या जागेत मला तसे वाटले. मग तिने लिहिले, ‘दिव्याकडे जा’. कवितेचा आता मागमूस नव्हता. खेळाने आपले तेच उत्तर दिले, इथे असे काही दिसत नाही, आणि ती पुढच्या पायऱ्या अंधारातच उतरून गेली.

आज सकाळी मी शब्दकोशाची फाइल उघडली. ‘दिवा’ हा शब्द त्यात घातला, त्याच्यापुढे ‘दिव्या’ हे सामान्यरूप लिहिले आणि फाइल जतन केली. वस्तू अजून केलेली नाही.